नीरा गोड ठेवण्याचा ध्यास

प्रश्न : माझा भाचा म्युनिकला असतो. घरीच गव्हाची बिअर करतो आणि पाच वर्षं त्याच एका चवीच्या मागे लागलाय. आपला वर्धा तर दारूबंदीचा जिल्हा. एखाद्या पेयाचा असा ध्यास इथे कुणी घेतला होता का?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : घेतला होता, आणि तोही गांधीजींच्या डोळ्यांदेखत. भाच्याला साखरेची दारू करणारं यीस्ट हवं असतं. गव्हाच्या बिअरला केळ्याचा, लवंगेचा वास येतो तो त्याच्यामुळेच. वर्ध्याच्या मगनवाडीतली माणसं त्याच यीस्टला नीरेच्या मडक्याबाहेर ठेवण्यासाठी झटत होती.

अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं ठाणं होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री. ताडगुळाचं काम गजानन नाईकांनी वाहून घेतल्यासारखं केलं. दारूबंदी आली की ताडी काढणाऱ्याच्या घरची चूल कशी पेटायची, हा त्यामागचा प्रश्न होता. तेच शिंदीचं झाड, चढणारा तोच. रस तेवढा आंबू द्यायचा नाही; न आंबलेला रस म्हणजे नीरा, आणि तो आटवला की ताडगूळ. दारूबंदीचा इतका माणुसकीचा विचार मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

पण रस ऐकत नाही. त्यात दहा-बारा टक्के साखर, वरून हवेतलं, सालीवरचं, कालच्या मडक्याच्या छिद्रांत दडलेलं यीस्ट. म्हणून संध्याकाळी झाडाला ताजा काप द्यायचा, मडकं धुऊन, धुरी देऊन, आतून चुना फासून बांधायचं आणि उन्हं वर यायच्या आत उतरवायचं. चुन्यामुळे रस अल्कधर्मी राहतो, जंतूंना जोर धरता येत नाही. चुना कमी पडला तर मडक्याच्या तोंडाशी फेस येतो, जास्त झाला तर जिभेवर खडूसारखी चव रेंगाळते. ते प्रमाण हाताला बसायला हंगामामागून हंगाम जातात. थंडीत काम सोपं, कारण गारठ्यात आंबणं मंदावतं. पहाटेचा पेला शहाळ्याच्या पाण्यासारखा लागतो. तोच रस तसाच ठेवला तर दुपारपर्यंत आंबूस होऊन फसफसतो, आणि मग त्याला नीरा म्हणता येत नाही.

उरलेला रस लगेच कढईत जातो. तिथे लपवाछपवी चालत नाही. रस आंबायला लागला असेल तर त्यातली साखर फुटलेली असते; कितीही आटवा, गूळ चिकटच राहतो, भेली बसत नाही. मडकं नीट धुतलं नव्हतं, हे असं दुसऱ्या दिवशी कढईत कळतं.

भाच्याला विचारून पाहा. त्याचाही अर्धा वेळ भांडी आणि बाटल्या निर्जंतुक करण्यातच जात असणार.