गल्ला मोबाईलमध्ये, किल्ली कोणाकडे?

आमच्या गावी दर बुधवारी बाजार भरतो. त्या बाजारात एक काकू हळद, तिखट आणि मसाला विकतात. गिऱ्हाईक पुष्कळ. काकू तोंडी हिशेबाला पक्क्या. पावशेराचा भाव विचारा, चटकन सांगतील. पण अक्षरओळख नव्हती. गेल्या वर्षापासून त्या आमच्या साक्षरता वर्गाला येऊ लागल्या.

एके रात्री वर्ग सुटला तरी काकू बसून राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माल गेला, पर पैसा पुरा दिसंना."

आम्ही विचारले, "रोकड मोजली का?"

"रोकड बरोबर हाय. मोबाईलवरचं पैसं कमी हाईत."

आम्ही वही आणि खाते समोरासमोर ठेवले. एक रक्कम सापडेना. ४८० रुपये! एका गिऱ्हाइकाने मोबाईल पुढे धरला होता. "पैसे गेले बघा, मावशी," असे म्हणून तो माल घेऊन गेला. काकूंनी चित्र पाहिले. अक्षरे वाचता आली नाहीत. पैसे आलेच नव्हते.

मग काकूंनी खात्री का केली नाही? खाते काकूंचे, पण बँकेत नंबर मुलाचा. मुलगा पुण्याला कारखान्यात. पैसे आल्याचा मेसेज त्याच्याकडे जाई. तो कामावर असला की फोन उचलता येत नसे. मुलाचा दोष नाही. पण गल्ला काकूंचा आणि किल्ली पुण्याला, असे झाले होते.

हे चालते कसे?

मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय ही पद्धत आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. पैसे एका बँकखात्यातून दुसऱ्या बँकखात्यात जातात. दुकानात ठिपक्यांचा चौकोन लावतात. आपण त्याला 'स्कॅनर' म्हणतो. त्याचे खरे नाव क्यूआर कोड. तो १९९४ साली जपानमध्ये तयार झाला, मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्या चौकोनात पैसे नसतात. पैसे कोठे पाठवायचे, तो पत्ता असतो. म्हणून कोणी त्यावर दुसरा कागद चिकटवला, तर आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. दुकान उघडताना तो कागद रोज पाहावा.

काकूंनी काय केले?

काकू बँकेत गेल्या. खात्याला स्वतःचा नंबर जोडण्याचा अर्ज केला. पूर्वी त्या अंगठा उठवत. या वेळी त्यांनी सही केली. मग मोबाईलवर भाषा मराठी ठेवली. पिन स्वतः ठरवला आणि कोणाला सांगितला नाही. आम्हालाही नाही!

त्यानंतर वर्गात आम्ही त्यांना १ रुपया पाठवला. काकूंनी वाचले: किती आले, कोणाकडून आले, किती वाजता आले. मग त्यांनी १ रुपया परत पाठवला. असे आठ दिवस चालले. एक रुपया चुकला तर फार बिघडत नाही. हात मात्र बसतो.

वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. खात्यातही तसेच. आले ते जमा, गेले ते नावे. ज्याला वही कळते, त्याला हेही कळते.

लक्षात ठेवा

१. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचे चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहा, मग माल द्या.

२. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हणाले तर तो ठक समजावा.

३. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. बँकेचा माणूस आहे म्हणाला तरी सांगू नये.

४. फसवणूक झाली तर लाजू नये. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा आणि बँकेला कळवावे. उशीर झाला की पैसे पुढे पुढे जातात आणि सापडणे कठीण होते.

५. रात्री वही आणि मोबाईल ताडून पाहावा.

काकूंचे ४८० रुपये परत आले नाहीत. परवाच्या बाजारात एक तरुण म्हणाला, "पाठवले, मावशी." काकूंनी चष्मा लावला, आपला मोबाईल पाहिला आणि म्हणाल्या, "अजून आलं न्हाईत, बाळा. जरा थांब." थोड्या वेळाने पैसे आले. त्याचे इंटरनेट मंद होते, एवढेच. काकूंनी पुडी हातात दिली. तोही हसला. कोणाचाच अपमान झाला नाही.

प्रश्न

१. काकूंना पैसे आल्याचे का कळत नव्हते?

२. पिन केव्हा लागतो? केव्हा लागत नाही?

३. तुमच्या बँकखात्याला कोणाचा नंबर जोडला आहे? पासबुक घेऊन बँकेत जा व विचारून या.

करून पाहा

शेजाऱ्याला १ रुपया पाठवा. त्याच्याकडून १ रुपया घ्या. दोन्ही रकमा वहीत जमा व नावे लिहा.