मुकी झालेली तबकडी पुन्हा बोलते

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या सुरत शहराला तापीचे जसे वरदान आहे, तसा तिचा धाकही आहे. मुलताईस उगम पावणारी ही नदी आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळावरून, म्हणजे खानदेशातून वाहत येते, उकाईच्या धरणात विसावते आणि मग आपल्या दारी पोहोचते. २००६ च्या ऑगस्ट महिन्यात वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला. धरणातून नऊ लाख क्युसेकांच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि ७ ऑगस्टपासून काही दिवस शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली राहिला. अडाजण, रांदेर, नानपुरा येथील तळमजले बुडाले.

पूर्वीच्या पुरात व्यापाऱ्यांचे चोपडे भिजत. पाने हलक्या हाताने सुटी करून वाळवली, तर शाईचे अक्षर थोडेफार वाचता येई. २००६ पर्यंत मात्र हिशेब, नक्षीचे नमुने, लग्नातील छायाचित्रे हे सारे संगणकातील हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसले होते. चिखलाने भरलेल्या त्या धातूच्या डबीतून गेलेले अक्षर परत कसे आणावयाचे? हे काम करणारे कुशल लोक आहेत. त्यांची रीत समजून घेण्यापूर्वी डबीच्या आत काय असते ते पाहू.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीच्या त्या पहिल्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरातील सूक्ष्म कणसमूहांची चुंबकीय दिशा एकीकडे वा दुसरीकडे वळवून माहिती लिहिली जाते. लिहिणारा व वाचणारा अवयव म्हणजे ‘हेड’. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हेड मात्र टेकत नाही. तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि तिच्या वेगाने निर्माण झालेल्या हवेच्या गादीवर हेड तरंगत राहते. दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. एवढ्या फटीत धुळीचा कण म्हणजे रस्त्यात पडलेली शिळाच होय!

आता बिघाडाचे प्रकार पाहू. पहिल्या प्रकारात यंत्र धडधाकट असते, पण फाइल चुकून पुसली जाते. ग्रंथालयातील पुस्तक फडताळातच आहे, केवळ सूचीतील त्याची नोंद खोडली गेली, अशातला हा प्रकार. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तबकडीवर तसाच राहतो, आणि विशेष प्रोग्रॅमच्या साहाय्याने तो शोधता येतो. दुसऱ्या प्रकारात यंत्रच मोडते. सर्किट बोर्ड जळतो, मोटर अडते, किंवा हेड निकामी होऊन ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागतो. हा आवाज म्हणजे धोक्याची घंटा. तशाही स्थितीत वीज चालू ठेवली, तर मोडके हेड तबकडीचा थर खरवडून काढते, आणि त्या थराबरोबर अक्षरही धूळ होऊन जाते.

अशी डिस्क हाती आली की जाणकार कारागीर प्रथम ती चालू करण्याचा मोह टाळतो. जळालेला बोर्ड बदलताना केवळ तशाच जातीचा दुसरा बोर्ड लावून भागत नाही. प्रत्येक डिस्कच्या जुळणीचे बारकावे बहुधा तिच्याच बोर्डावरील एका चिपमध्ये नोंदलेले असतात. ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. हेड बदलावयाचे असेल तर डबी उघडावी लागते, आणि हे काम गाळलेल्या हवेच्या दालनातच करतात. अशा हवेत एका घनफुटामागे अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक नसावेत, असा दंडक आहे. तेथे त्याच जातीच्या दुसऱ्या, चांगल्या डिस्कमधील हेड काढून येथे बसवितात.

परंतु या विद्येचे खरे मर्म पुढेच आहे. दुरुस्त झालेली डिस्क नेहमीच्या वापरासाठी नसते. ती शेवटचे चार शब्द बोलू शकणाऱ्या रुग्णासारखी असते. म्हणून कारागीर तिच्यावरील सर्व मजकुराची क्रमाने दुसऱ्या निरोगी डिस्कवर नक्कल उतरवून घेतो. जो भाग सहज वाचता येतो तो आधी घेतो. अडणारा भाग सोडून पुढे जातो आणि मागाहून पुन्हा प्रयत्न करतो. पुढील सारी शोधाशोध या नकलेवर होते. मूळ वस्तूस शक्य तितका कमी स्पर्श करावा, हा त्याचा पहिला नियम.

या धीराचे फळ किती मोठे असते याचे एक उदाहरण जगास ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर अमेरिकेच्या आकाशात भंगले, आणि आपली कल्पना चावला व तिचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले. पुढे अवशेषांत एक होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची मोजमापे तिच्यात होती. तिचे आवरण जळाले होते आणि आत धूळ शिरली होती. पण लिहिलेल्या भागावरील थर शाबूत होता. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेच्या तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या यंत्रात बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती मिळविली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सात जीव परत आले नाहीत, पण त्यांनी केलेले काम वाया गेले नाही.

मात्र या विद्येलाही मर्यादा आहेत. त्याच यानातील आणखी दोन डिस्कमधून काहीच मिळाले नाही. जेथे थर खरवडला गेला, किंवा जुन्या अक्षरावर नवे लिहिले गेले, तेथे कोणाचाच इलाज चालत नाही. मोबाईल फोनमध्ये आणि नव्या तबकडीविरहित डिस्कमध्ये तर पुसलेला मजकूर यंत्र स्वतःच लवकर साफ करून टाकते.

तेव्हा बालमित्रांनो, आपल्या घरी असा प्रसंग आल्यास इतके ध्यानात ठेवा. फाइल पुसली गेली तर त्या डिस्कवर नवे काही लिहू नका. टक् टक् ऐकू आले तर तत्काळ वीज बंद करा. डिस्क पुरात बुडाली तर ती चालू करू नका, उघडू नका आणि चोपड्याप्रमाणे उन्हात वाळवूही नका. पाणी सुकले की चिखल व क्षार तबकडीवर घट्ट बसतात. म्हणून ती ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे न्यावी.

याहून सोपा उपाय पुराआधीचा आहे. जे मोलाचे, त्याच्या किमान दोन प्रती ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. आजीचे छायाचित्र सुरतेत असेल, तर त्याची एक प्रत जळगावच्या मामांकडेही असू द्या. तापी दोन्हीकडे वाहते हे खरे, पण दोन्ही घरे एकाच रात्री बुडतील असे सहसा घडत नाही.