पहिल्या वर्षी एकच काम

आचरे
मे महिन्याची अखेर

चि. बाय हिस,


तू पाठवलेला पाच वर्षांचा आराखडा वाचून काढला. मुलींची शाळा, तीही सरकारी अनुदानाशिवाय चालणारी, आणि तिच्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर आपल्या घरातली मुलगी, याचा मला किती अभिमान वाटतो ते तुला ठाऊक आहे. आराखडा चांगला झालाय. भाषा स्वच्छ आहे, हेतू खरे आहेत. पण शेवटचं पान उलटल्यावर मला एकच प्रश्न पडला. जूनमध्ये शाळा उघडली की सोमवारी सकाळी यातलं काय होणार आहे, आणि ते कोण करणार आहे?

गुणवत्ता, सुरक्षितता, संगणक कक्ष, खेळाचं मैदान, इंग्रजी संभाषण, पालकांचा सहभाग, माजी विद्यार्थिनींचा संघ, सगळं पहिल्याच वर्षात मांडलंय. प्रत्येक कलमापुढे जबाबदारी म्हणून ‘शाळा’ असं लिहिलंय. शाळा काही करत नसते गं, माणसं करतात. रापणीचं जाळं ओढायचं असलं तर दोरीवर कोण कुठे उभा राहणार हे किनाऱ्यावरच्या पोरालाही माहीत असतं. तुझ्या आराखड्यात तेवढं तरी हवं. कलमापुढे माणसाचं नाव, तारीख आणि लागणारी रक्कम. या तीन गोष्टी ज्या कलमापुढे लिहिता येत नाहीत, ते कलम तूर्त बाजूला ठेव.

बाजूला ठेवणं हेच अवघड असतं. म्हणून तुला आपल्या कोकणातल्याच माणसाची आठवण करून देते. मुरूडच्या अण्णांना, म्हणजे महर्षी कर्व्यांना, सगळे महिला विद्यापीठामुळे ओळखतात. पण ते विद्यापीठापर्यंत पोचले कसे, तो क्रम नीट पाहा. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं. गावाने बहिष्कार घातला. पुनर्विवाहाची चळवळ त्यांच्या जिवाची होती, तिचं कामही ते करत होते. तरीसुद्धा १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी आश्रमापासून कटाक्षाने वेगळा ठेवला. का? कारण तो प्रचार आश्रमाच्या दारात आला असता तर बापांनी आपल्या विधवा मुली शिकायला पाठवल्याच नसत्या. मनातली सगळ्यात आवडती गोष्ट त्यांनी एका कामासाठी दूर ठेवली. त्याला मी नियोजन म्हणते.

पुढचं बघ. १९०० साली हिंगण्याला जागा मिळाली, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली. तिथे आधी उभी राहिली ती एक झोपडी. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला यायचं, पावसाळ्यात चिखल तुडवत. १९०७ मध्ये कुमारिकांसाठी वेगळं महिला विद्यालय निघालं. १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ, म्हणजे या संस्थांना आयुष्य वाहणाऱ्या कार्यकर्त्यांची संघटना. आणि विद्यापीठ आलं ते त्यानंतर, १९१६ साली. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून कल्पना सुचली हे खरं. पण ती कल्पना पेलणारी माणसं तोवर तयार झाली होती म्हणून ती उभी राहिली. सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगीसुद्धा काम सुरू झाल्यानंतरच आली, १९२० मध्ये. तुमच्या आराखड्यात देणगीदार पहिल्या वर्षी आहे आणि शिक्षकांची तयारी तिसऱ्या वर्षी. हा क्रम मला उलटा वाटतो.

माणसं तयार करणं म्हणजे काय, हे पार्वतीबाई आठवल्यांकडे पाहून कळतं. देवरुखच्या, अण्णांच्या मेव्हणी. विधवा झाल्यावर मोठ्या वयात आश्रमात शिकायला आल्या, तिथेच शिकवू लागल्या, आश्रमाचा कारभार पाहू लागल्या, आणि संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. १९१८ साली इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. संस्थेने जिला शिकवलं तिनेच पुढे संस्था चालवली. तुझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींपैकी कुणी शिक्षिका म्हणून परत आली आहे का? आली नसेल तर का आली नाही, हे संस्थेला विचार. उत्तर बहुधा पगारात सापडेल. विनाअनुदानित शाळांत बाई वर्षाच्या मध्यावर सोडून जाते, दहावीच्या गणिताला दोन महिने कुणी नसतं आणि त्याच वेळी प्रवेशद्वाराच्या कमानीचं काम चाललेलं असतं, असं मी आपल्या पट्ट्यात पाहिलंय. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षीचा वाढीव पैसा फक्त बाईंच्या पगाराला आणि प्रशिक्षणाला जावा. कमान थांबू शकते.

बाई टिकवणं हेच एक काम निवड असं मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. सिंधुदुर्गात दहावीचा निकाल हा प्रश्न नाही. २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळ झालं तेव्हापासून आपला विभाग राज्यात वरच असतो. म्हणून ‘निकाल शंभर टक्के’ हे पहिलं उद्दिष्ट लिहून तू स्वतःला सोपा पेपर काढलायस. आपली पोर मार्क मिळवते, मग पुढे काय, तिथे अडते. बाप म्हणतो, कुडाळला पाठवू की कोल्हापूरला, की मुंबईच्या काकाकडे, की पुरे झालं? वाटा तर जवळच आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. हे आपल्या मुलींनी पाहिलेलं नसतं, कारण दाखवणारी बाई शाळेत टिकत नाही. नववीच्या वर्गाला वर्षभर ओळखणारी एक बाई असली तर ती मुलीच्या बापाशी बोलते, आईला घरी जाऊन भेटते. संगणक कक्ष ते करणार नाही.

आता वेळेचं. तुमच्या आराखड्यातलं वेळापत्रक कुणी शहरातल्या सल्लागाराने केलंय हे लगेच कळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. दांडी, देवबाग, सर्जेकोटच्या घरांत त्या दोन महिन्यांत रोकड नसते, आणि शाळा नेमकी जूनमध्ये फीचा मोठा हप्ता मागते. मुलगी फीसाठी वर्गात उभी राहते ती त्यामुळे. हप्ता ऑक्टोबरात आण, दुसरा आंबा-काजूच्या आणि पाहुण्यांच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये ठेव. पैसा तेवढाच येईल. जूनचे पगार भागवायला संस्थेने थोडी रक्कम आधीच राखून ठेवावी लागेल. ती राखायला लाव, हट्टाने लाव. गणपतीत कुठलीही बैठक ठेवू नकोस, आंगणेवाडीच्या जत्रेच्या आठवड्यात तर नाहीच. आणि मे २०२१ चं तौक्ते वादळ विसरू नकोस. तेव्हा आपल्याकडे किती दिवस वीज नव्हती! ज्या शाळेचे सगळे दाखले आणि हिशेब फक्त संगणकावर आहेत तिची काय गत होते, याचा विचार आराखड्यात एका ओळीनेही नाही.

फी वाढवायची असेल तर कायद्याची वेळ पाळ. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे डिसेंबरच्या आधी. समितीतल्या आयांना नुसतं सह्यांपुरतं बोलवू नकोस. जमाखर्च मराठीत, मोठ्या अक्षरांत त्यांच्यापुढे ठेव आणि बाईंचे पगार किती आहेत तेही सांग. माझा अनुभव असा की पैसा कुठे जातो हे कळलं की मासळी विकणारी आईसुद्धा शाळेच्या बाजूने उभी राहते.

दुसरी बाजू मुंबईकर कमिटीची. ही मंडळी परळ-गिरगावात राहून गावच्या शाळेसाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत आली आहेत, त्यांचा मान राख. पण स्थानिक कमिटी एक म्हणते, मुंबईकर दुसरं, आणि मध्ये मुख्याध्यापिका, हे चित्र तुलाही नवीन नाही. उपाय साधा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला एकच पान दोघांनाही एकाच वेळी पाठव. काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं, किती खर्च झाला. राहिलेलं लपवू नकोस. विचारण्याआधी कळवलेल्या गोष्टीवरून भांडण होत नाही.

मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळाशाळांत २०२२ पासून कागदावर आहे. तुझ्याकडे ती खरोखर बसली पाहिजे. मुलींना विचार, शेवटच्या एसटीसाठी त्या कुठे थांबतात, तिथे दिवा आहे का, स्वच्छतागृहाला कडी आहे का. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा प्रवास फुकट आहे, पण गाडी शाळा सुटण्याच्या आधीच निघून गेली तर त्या सवलतीचा काय उपयोग? आगार प्रमुखांना भेटायला तू स्वतः जा, सोबत दोन पालक घेऊन. हे काम खर्चाचं नाही आणि वर्षभर थांबवण्याचंही नाही. एवढं एक मी तुझ्या ‘एकच काम’ मधून वगळते.

बाकी कलमं खोडू नकोस. निराळ्या कागदावर उतरवून ठेव आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा वाच. कुणी विचारलं, मैदान कधी, तर ‘यंदा नाही’ असं नीट सांग. लोक रागावतील, संस्थेतलेही रागावतील. अण्णांवर तर त्यांचं गाव रागावलं होतं.

शाळा १५ जूनला उघडेल. त्याआधी सगळ्या शिक्षिकांना एकत्र बसव, शिपाईकाकांनाही बोलव, आणि प्रत्येकीने वर्षभरात कुठलं काम अंगावर घेतलंय ते तिच्याच हाताने लिहून घे. तो कागद झाला की त्याची एक प्रत मला पाठव. मी वाट बघते.

तुझी,
आत्या