बारावीनंतर नॅनो-बायोसेन्सर: आधी पाया कोणता?

कोविडच्या रॅपिड टेस्टच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते, ती बहुतेक किटमध्ये सोन्याची असते. सोन्याचा कण साधारण ४० नॅनोमीटर इतका बारीक केला की त्याचं द्रावण लाल दिसतं. अशा कणांवर अँटिबॉडी बसवतात. नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणूचं प्रथिन असेल तर ते या अँटिबॉडींना चिकटतं, कणांसकट पट्टीवरून पुढे सरकतं आणि टेस्टच्या रेघेवर बसवलेल्या दुसऱ्या अँटिबॉडी त्याला तिथेच अडवतात. कण साठत गेले की रेघ दिसू लागते. डेंग्यूची एनएस-१ रॅपिड टेस्टही याच तत्त्वावर चालते. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी ग्राफिनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरावर, अँटिबॉडी बसवून कोरोनाचं स्पाइक प्रथिन थेट विद्युतप्रवाहातल्या बदलावरून ओळखून दाखवलं. अशा साधनांनाच नॅनो-बायोसेन्सर म्हणतात.

हे वाचून मुलं हरखून जातात आणि पालक विचारतात, ‘मग नॅनोटेक्नॉलॉजीतच बी.टेक. घ्यायचं का?’ माझं मत स्पष्ट आहे: पहिली पदवी रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा जैवतंत्रज्ञान यांपैकी एका विषयाची घ्या आणि तो विषय पक्का करा. असा सेन्सर एकट्याच्या हातून होत नाही. कण बनवणारा केमिस्ट, अँटिबॉडी जाणणारा जीवशास्त्रज्ञ आणि सिग्नल वाचणारा इलेक्ट्रॉनिक्सवाला एका टेबलाशी बसतात. सगळ्यातलं थोडंथोडं येणाऱ्याला त्या टेबलाशी नेमकं काम मिळणं अवघड जातं. नॅनोचं विशेष शिक्षण एम.एस्सी., एम.टेक.ला घेता येतं.

या क्षेत्रातले न सुटलेले प्रश्नही पाहा. प्रयोगशाळेत शुद्ध द्रावणात सुरेख चालणारा सेन्सर लाळेत किंवा रक्तात गडबडतो, कारण तिथली इतर प्रथिनंही पृष्ठभागावर चिकटतात. शिवाय अनेक किट २ ते ३० अंश तापमानात ठेवावी लागतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशी किट तिथल्या आरोग्य उपकेंद्रात टिकवायची कशी? खरी गरज अशा प्रश्नांवर चिकाटीने काम करणाऱ्यांची आहे, आणि मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पैशांचंही बोलू. संशोधनाची वाट लांब आहे. नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज लागतात. ज्या घराला लवकर कमाई हवी, त्या घरातल्या मुलाने एम.एस्सी.नंतर किट बनवणाऱ्या कंपन्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी किंवा परवान्यांच्या कागदपत्रांचं काम पाहावं. त्यात कमीपणा काही नाही. घरगुती तपासणीचं देशातलं पहिलं मंजूर कोविड किट, कोविसेल्फ, २०२१ मध्ये अशाच एका कंपनीने, पुण्याच्या मायलॅबने, आणलं.

अकरावीत असाल तर जीवशास्त्र घेताना शक्यतो गणित सोडू नका. म्हणजे आयसर या विज्ञान संस्थांची आयएटी प्रवेश परीक्षा, पुढे एम.एस्सी.साठी जॅम, एम.टेक.साठी गेट हे रस्ते खुले राहतात. आणि कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेवर विसंबण्यापेक्षा तिथल्या प्रयोगशाळेत पदवीच्या मुलांना उपकरणांना हात लावू देतात का, एवढं जाऊन विचारा.