मनाचा दवाखाना आणि विम्याचा कागद

धाकटा भाऊ अकोल्याला, मी अमरावतीला. त्याची झोप उडाली, जेवण सुटलं, कृषी केंद्रात बसवेना, तेव्हा आमच्या घराला ही वाट धरावी लागली. आज तो सावरला आहे. वऱ्हाडातल्या इतर घरांच्या उपयोगी पडावं म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. कोण काय करतं ते आधी समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तो लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाची पाटी मात्र छोट्या कोर्सवरही लागते. म्हणून शिक्षण आणि नोंदणी पहिल्याच भेटीत विचारा. चांगल्या माणसाला हा प्रश्न खटकत नाही.

२. पुणे-नागपूरची घाई करू नका. अमरावतीत इर्विन आणि पीडीएमसी, अकोल्यात सर्वोपचार, इथे मानसोपचाराची सोय आहे. ओपीडीचे वार आणि वेळ विचारून निघा. जवळचा दवाखाना असला की पुढच्या भेटी चुकत नाहीत, आणि या उपचारात पुढच्या भेटींनाच महत्त्व असतं.

३. रात्रीसाठी १४४१६ हा नंबर घरात सगळ्यांना पाठ असू द्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर माणसाला एकटं सोडू नका, थेट दवाखाना गाठा.

४. ‘लोक काय म्हनतीन’ हे भाऊही म्हणाला होता. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी बोलले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. लोकांना मदत हवीच असते. कुणीतरी आपुलकीने विषय काढावा लागतो. मी भावाला एवढंच म्हटलं, ‘‘चाल, झोपेचं दाखवून येऊ.’’ तो उठला.

५. विम्याबाबत कायदा आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनाची फी ओपीडीत मोडते. ओपीडी कव्हर नसेल तर ती खिशातूनच जाते.

६. उत्तर लेखी घ्या. आम्हाला फोनवर ‘‘सगळं कव्हर आहे’’ असं सांगितलं गेलं. ईमेलवर विचारलं तेव्हा उत्तर आलं, भरतीचा खर्च मिळेल, समुपदेशनाचा नाही. तीन प्रश्न विचारा: ओपीडी आहे का? प्रतीक्षा काळ किती? मानसिक आजारासाठी वेगळी मर्यादा आहे का?

७. नवीन पॉलिसी घेताना जुना आजार लपवू नका. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. तो काढता येतो. लपवलेल्या आजारामुळे मात्र ऐन गरजेच्या वेळी दावा अडकतो.

८. केसपेपर, चिठ्ठ्या, पावत्या, डिस्चार्ज कार्ड एकाच फाईलमध्ये ठेवा. दावा नाकारला तर कोणत्या अटीवर नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

९. विमा कंपनीच्या उत्तरासाठी पहिली भेट लांबवू नका. सरकारी ओपीडीचा खर्च झेपतो. कागदाचं काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावं आणि आजारी माणसावर फक्त बरं होण्याची जबाबदारी ठेवावी.