सदाफुलीचें पान व समुद्रांतील शंख

आमच्या शाळेच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंत जी वाट जाते, तिच्या दोहों बाजूंस सदाफुलीचीं झुडपें आहेत. त्यांस कोणी मुद्दाम पाणी घालीत नाहीं, गुरें त्यांना तोंड लावीत नाहींत, आणि उन्हाळा असो वा पावसाळा, त्यांवर गुलाबी-पांढरीं फुलें असावयाचींच. रोज शेंकडों मुलेंमुली त्यांजवळून जातात. पण रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेलीं मुलें ज्या औषधांनीं बरीं होतात त्यांपैकीं एक याच झुडपाच्या पानांतून निघालें, हें त्यांपैकीं कितीकांस ठाऊक असेल ?

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास जें कारण घडलें, तें आम्हांस भूषणावह नाहीं. तथापि तें सांगणें अवश्य वाटतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले होते. त्यांना मधुमेह होता, व कोणाच्या तरी सांगण्यावरून ते रोज सकाळीं अनशापोटीं सदाफुलीचीं पानें चावून खात असत. "सर, आपण विज्ञान शिकवितां, यांत कांहीं वावगें तर नाहीं ना?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं हंसून उत्तर दिलें, "झाडपालाच तो ! त्यानें अपाय काय होणार ?" पुढें दोनअडीच महिन्यांनीं ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांस कळली, व त्यांनीं तीं पानें तत्काळ बंद करविलीं. "हें खाण्यास हरकत नाहीं असें कोणीं सांगितलें ?" या डॉक्टरांच्या प्रश्नास त्या सरळ गृहस्थांनीं उत्तर दिलें, "मुलाच्या शाळेंतल्या सरांनीं." हें कानीं आलें तेव्हां आम्हांस फार लाज वाटली. ज्या झुडपांजवळून आम्ही वीस वर्षें जात-येत होतों, त्यांविषयीं आम्हीं एक पृष्ठही वाचलें नव्हतें. तें वाचन मग केलें, आणि त्याचें सार विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें देत आहों.

सदाफुली ही मूळची मादागास्कर बेटांतील. तेथून ती उष्ण कटिबंधांतील बहुतेक देशांत पसरली, आणि ठिकठिकाणचे लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेऊं लागले. १९५२ सालीं जमैका बेटांतून कॅनडांतील डॉ. क्लार्क नोबल यांजकडे टपालानें एक पाकीट आलें. त्यांत सदाफुलीचीं पंचवीस पानें होतीं. त्यांनीं तीं आपले बंधु डॉ. रॉबर्ट नोबल यांजकडे पाठविलीं. हे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठांत संशोधन करीत असत. त्यांनीं पानांचा काढा उंदरांस पाजून पाहिला. पण रक्तांतील साखरेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाहीं. नंतर त्यांनीं अर्क सुईनें टोंचून दिला. तेव्हां साखर कमी होण्याचें राहिलेंच, उलट कांहीं दिवसांत उंदीर मरूं लागले !

प्रयोगवहींत "अर्क निरुपयोगी व विषारी" एवढी नोंद करून ती मिटून ठेविली असती, तर कोणीं दोष दिला नसता. परंतु नोबल यांनीं विचारलें, उंदीर मेले ते कशानें ? तपासांत आढळलें कीं, त्यांना जंतूंचा संसर्ग झाला होता, आणि त्या जंतूंशीं लढणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर हाच अर्क उपयोगीं पडणार नाहीं काय ? अशा रीतीनें मधुमेहाचें औषध शोधावयास निघालेले लोक कर्करोगाच्या औषधाजवळ येऊन पोंचले.

तथापि पान म्हणजे औषध नव्हे. सदाफुलीच्या अंगांत अल्कलॉइड जातीचे सत्तरांहून अधिक पदार्थ आहेत. त्यांपैकीं काम करणारा कोणता, हें ओळखावयाचें कसें? १९५४ सालीं चार्ल्स बिअर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ नोबल यांस येऊन मिळाले व त्यांनीं हें काम अंगावर घेतलें. त्याची पद्धति समजण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करावा. टिपकागदाची एक पट्टी घेऊन तिच्या टोंकापासून दोन बोटें वर काळ्या शाईचा ठिपका द्यावा, आणि तें टोंक वाटींतल्या पाण्यांत असें धरावें कीं ठिपका पाण्याच्या वर राहील. पाणी कागदांतून वर चढूं लागलें म्हणजे पुष्कळ शायांच्या बाबतींत निळा, जांभळा, तांबूस असे निरनिराळे रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. जो रंग कागदास अधिक चिकटतो तो मागें राहतो, जो पाण्याबरोबर सहज जातो तो पुढें निघतो. प्रयोगशाळेंत याच तत्त्वावर अर्कांतील पदार्थ वेगळे करितात. मग प्रत्येक भाग उंदरांवर किंवा पेशींवर तपासावयाचा, ज्याचा गुण येईल तो ठेवावयाचा, त्याचे पुन्हा भाग पाडावयाचे, आणि एकच शुद्ध पदार्थ हातीं लागेपर्यंत हाच क्रम चालवावयाचा.

१९५८ सालीं तो शुद्ध पदार्थ हातीं आला. त्यास सांप्रत व्हिनब्लास्टीन म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें एलाय लिली कंपनीचे शास्त्रज्ञही सदाफुलीवर काम करीत होते. त्यांच्याकडून व्हिनक्रिस्टीन हें भावंड मिळालें, व १९६३ सालीं अमेरिकेंत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीन काढण्यास सुमारें ५०० किलो सुकीं पानें लागतात, असें सांगतात. पोत्यांच्या राशींतून चिमूटभर चूर्ण ! पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतांना तिच्या आंत बारीक सूत्रें तयार होतात. हीं औषधें तीं सूत्रें बनूं देत नाहींत, आणि त्यामुळें झपाट्यानें वाढणाऱ्या रोगट पेशींची वाढ खुंटते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जीं अनेक औषधें एकत्र देतात, त्यांत व्हिनक्रिस्टीन आजही आहे. ज्या रोगांत पूर्वीं मूल वाचण्याची आशा जवळजवळ नसे, त्यांतून आतां चांगले उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुलें वांचतात. परंतु हाडांतील मगजांत निरोगी पेशीही झपाट्यानें वाढत असतात, व औषधाचा घाव त्यांवरही पडतो. म्हणूनच मात्रा ठरवून, रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालींच हें औषध दिलें जातें. असलीं द्रव्यें ज्यांत आहेत तीं पानें "झाडपालाच तो" म्हणून चावणें किती अविचाराचें, हें आतां वाचकांच्या ध्यानीं येईल.

जमिनीवरील वनस्पतींप्रमाणें समुद्रांतील जीवांकडेही शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें आहे. त्याचें एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल, कारण त्यांत त्यांच्याहून थोड्याच मोठ्या मुलांनीं भाग घेतला.

बाल्डोमेरो ओलिवेरा हे फिलिपाइन्समधील मनिला शहरीं वाढले. लहानपणीं त्यांना शंखशिंपले जमविण्याचा नाद होता. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशीं परतले, तेव्हां त्यांच्या प्रयोगशाळेंत किंमती उपकरणें नव्हतीं. जें साधन समुद्रकिनाऱ्यावर फुकट मिळतें, त्यावरच काम करावें असें त्यांनीं ठरविलें, व शंकूच्या आकाराच्या शंखांत राहणारी एक समुद्री गोगलगाय निवडली. ही गोगलगाय दिसावयास सुंदर, चालावयास मंद. पण तिच्या तोंडांत पोकळ भाल्यासारखा एक दांत असतो. मासा जवळ आला कीं ती तो दांत मारून विष सोडते, आणि मासा क्षणांत लुळा पडतो. तिच्या कांहीं जातींच्या दंशानें माणसेंही मेलीं आहेत. या कामीं लुर्देस क्रूझ या फिलिपिनी विदुषींचें त्यांना मोठें साहाय्य झालें.

पुढें ओलिवेरा अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत गेले. तेथें पदवीही न मिळालेले विद्यार्थी त्यांच्या हाताखालीं काम करीत. त्यांपैकीं क्रेग क्लार्क या विद्यार्थ्यानें एक सूचना केली. विष उंदराच्या पोटांत टोंचण्याऐवजीं त्याचे एकेक भाग सरळ मेंदूंत टोंचून पाहावे, अशी ती होती. गुरूंस ती फारशी पटली नव्हती. तरी त्यांनीं ती करूं दिली. पाहतात तों काय ! एका भागानें उंदीर झोंपला, दुसऱ्यानें तो थरथर कांपूं लागला, तिसऱ्यानें अंग खाजवीत सुटला. ज्या भागानें लहान पिल्लें झोंपत, त्यानेंच मोठे उंदीर सैरावैरा धांवत. एकाच थेंबांत इतकीं निरनिराळीं द्रव्यें असतील, अशी कोणाचीच कल्पना नव्हती.

त्यानंतर मायकेल मॅकिंटॉश नांवाचा, नुकताच हायस्कूल संपविलेला अठरा वर्षांचा मुलगा तेथें आला. त्यानें त्या शंखाच्या एका जातींतून उंदरास कांपविणारा पदार्थ वेगळा काढला. तो पंचवीस अमिनो आम्लांची एक लहानशी सांखळी आहे, आणि वेदनेचा संदेश मज्जारज्जूंत ज्या वाटेनें पुढें जातो, ती वाट तो अडवितो, असें दिसून आलें. हाच पदार्थ आतां प्रयोगशाळेंत बनवितात. त्यासाठीं शंख मारावे लागत नाहींत. झिकोनोटाइड या नांवानें २००४ सालच्या डिसेंबरांत त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. इतर उपायांनीं न शमणाऱ्या असह्य वेदनांवर तो देतात, व अफूच्या औषधांप्रमाणें त्याचें व्यसन लागत नाहीं. त्या मुलाच्या प्रयोगापासून या मान्यतेपर्यंत सुमारें पंचवीस वर्षें लोटलीं.

या दोन औषधांची तुलना मोठी उद्बोधक आहे. झिकोनोटाइड पाठीच्या कण्यांतील द्रवांतच सोडावें लागतें. व्हिनक्रिस्टीन मात्र शिरेंतूनच द्यावयाचें असतें. तें चुकून कण्यांतील द्रवांत गेलें, तर रोगी बहुधा दगावतो. एकास जी वाट उपकारक, तीच दुसऱ्यास प्राणघातक. तेव्हां "नैसर्गिक" या शब्दानें कोणीं निर्धास्त होऊं नये. कोणता पदार्थ, किती, कोणत्या वाटेनें व कोणास द्यावयाचा, हें ठरविण्यांतच संशोधकांचीं वर्षें खर्चीं पडतात.

आपल्या देशांतही हें काम चाललें आहे. कलकत्त्याच्या असीमा चटर्जी यांनीं वनस्पतींतील द्रव्यांचा अभ्यास करून १९४४ सालीं कलकत्ता विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळविली, व पुढें सदाफुलीच्या अल्कलॉइडांवरही दीर्घकाळ संशोधन केलें. गोव्यांत दोना पावला येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथें समुद्री जीवांतील रसायनांचाही अभ्यास होतो. अशा ठिकाणीं एम्. एस्सी. झालेलीं मुलेंमुली चारपांच वर्षें एखाद्या वनस्पतीचा किंवा स्पंजाचा अर्क गाळीत, तपासीत व नोंदी ठेवीत बसलेलीं असतात. पुष्कळदां महिनोन् महिने खपून शेवटीं हातीं येतो तो आधींच माहीत असलेला पदार्थ. पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या मुलानें वा मुलीनें हा मार्ग पत्करल्यास "एवढें शिकून अजून नोकरी नाहीं" असें म्हणून त्यांस खिन्न करूं नये.

आणि विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, प्रयोगाचें फळ अपेक्षेप्रमाणें आलें नाहीं, तर वहींत खाडाखोड करूं नका. आलें तसें लिहा, व असें कां झालें हें विचारा. आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं जाऊन त्यांची क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, "सर, तुम्हांला ठाऊक नव्हतें, एवढेंच." खरें आहे, पण मग आम्हीं तसें म्हणावयास हवें होतें. आतां वर्गांत कोणीं असा प्रश्न विचारला, तर आम्ही प्रथम "ठाऊक नाहीं" असें सांगतों, फळ्याच्या कोपऱ्यांत तो लिहून ठेवितों, आणि शनिवारीं वाचनालयांत विद्यार्थ्यांसह त्याचें उत्तर शोधतों. सदाफुलीचा प्रश्न त्या कोपऱ्यांत पहिला लिहिला होता.