भाच्यास पत्र: स्ट्रक्चर आणि कम्पेअर-अँड-स्वॅप

धुळे

चि. बाळास,

जळगावच्या कॉलेजसाठी तू करत असलेल्या प्रोजेक्टचा कोड वाचला. लॉक न वापरता स्टॅक करण्याची तुझी हौस मला फार आवडली. पण पाया नीट घाल.

तुझ्या स्ट्रक्चरमध्ये ८ बाइटचा पॉइंटर आणि ४ बाइटचा काउंटर आहे. ६४ बिट मशीनवर त्याचा आकार १२ नव्हे, १६ बाइट होतो. उरलेल्या ४ बाइटांत, म्हणजे पॅडिंगमध्ये, काय पडलंय, याची सी भाषा हमी देत नाही. आणि कम्पेअर-अँड-स्वॅप (अपेक्षित किंमत जुळली तरच नवी लिहिणारी क्रिया) फील्ड बघत नाही, सगळे बाइट ताडून बघतं. म्हणून दोन्ही फील्ड जुळूनही ते अपयशी ठरू शकतं. शिवाय १६ बाइटसाठी जीसीसी कम्पायलर बहुधा लिबअ‍ॅटॉमिक या लायब्ररीला कॉल करतं; ती लायब्ररी लिंक करावी लागते, आणि काही मशीनवर ती आत लॉकच घेते.

काउंटर मात्र काढून टाकू नकोस. रावेरहून केळी भरून दिल्लीला गेलेला ट्रक परत येतो, तेव्हा नंबर तोच असतो, माल दुसरा. पॉइंटरचंही तसंच. तुझ्या थ्रेडने वरचा नोड ‘अ’ आणि त्याखालचा ‘ब’ पाहिला आणि तो थांबला. काउंटर नसेल आणि तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने दोन्ही काढून ‘अ’ परत ठेवला, तर तुझा स्वॅप यशस्वी होतो आणि स्टॅकच्या माथ्यावर मेलेला ‘ब’ बसतो. आयबीएमच्या सिस्टिम/३७० वर काम करणाऱ्यांनाही हे माहीत होतं. म्हणूनच तिथे पॉइंटर आणि काउंटर एकत्र बदलता यावेत अशी दुप्पट रुंदीची कम्पेअर-अँड-स्वॅप सूचनाही (इन्स्ट्रक्शन) होती.

माझा सल्ला स्पष्ट आहे: पॉइंटर सोड. नोडांचा अ‍ॅरे आधीच राखून ठेव, त्यातला ३२ बिटांचा इंडेक्स आणि ३२ बिटांचा काउंटर एकाच ६४ बिटांच्या आकड्यात बसव. पॅडिंग उरत नाही, आणि नोड कधीच फ्री होत नसल्याने मेलेली मेमरी वाचली जात नाही. काउंटर ४२९ कोटींहून अधिक बदलांनंतर पुन्हा शून्यावर येतो. प्रोजेक्टसाठी ते पुरे. स्वॅप फसला की अपेक्षित जागी ताजी किंमत येते, तेव्हा नवी किंमत प्रत्येक फेरीत लूपच्या आतच काढ.

एवढं करून भरपूर थ्रेड लावून रात्रभर चालव, आणि निकाल मला कळव.

तुझा मामा